बायोस हा शब्द कुठून आला? गॅरी किल्डॉलची गोष्ट

मोबाइलचं सिस्टीम अपडेट आलं की आपण एक बटण दाबतो, फोन बंद होऊन चालू होतो आणि काम संपतं. डेस्कटॉपवर मात्र अपडेट तुकड्यातुकड्यांनी येतं. विंडोजचं किंवा लिनक्सचं वेगळं, ग्राफिक्स ड्रायव्हरचं वेगळं, ब्राउझरचं वेगळं आणि कधीतरी बायोसचंही वेगळं. बायोसच्या अपडेटसोबत तर घाबरवणारी सूचना असते की मध्येच मशीन बंद करू नका. प्रत्येकाचा व्हर्जन नंबर निराळा, प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. ऑफिसात नवीन आलेली मुलं मला हमखास विचारतात, हे सगळं एकत्र का नाही देत?

खरं तर एकत्र नाही म्हणूनच हे अपडेट शक्य आहे. तुमचा मदरबोर्ड एका कंपनीचा, ग्राफिक्स कार्ड दुसरीचं, विंडोज तिसरीचं. या तिघांनी एकमेकांना न विचारता आपापली नवी व्हर्जन्स काढली तरी बहुतेक वेळा कॉम्प्युटर चालू राहतो. कारण त्यांच्यामध्ये एक ठरलेली रेघ आहे. रेघेच्या अलीकडे काय बदललं याची पलीकडच्याला फिकीर नसते. छोट्या कॉम्प्युटरमध्ये ही रेघ नीट आखून तिला बायोस हे नाव ज्यानं दिलं, तो माणूस म्हणजे गॅरी किल्डॉल. आणि याच रेघेमुळे त्याचं सॉफ्टवेअर जगभर पोचलं, तसंच याच रेघेमुळे ते त्याच्या हातून निसटलं, असं माझं मत आहे.

गॅरीबद्दल नेटवर शोधलंत तर पहिली गोष्ट काय सापडते? आयबीएमवाले दारात आले तेव्हा हा विमान उडवायला गेला होता आणि म्हणून बिल गेट्स श्रीमंत झाला. इतकंच. इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मीही त्याच्याबद्दल एवढंच ऐकलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जहाजांच्या शाळेतला मुलगा

गॅरीचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतल्या सिअॅटल शहरात झाला. घरचा धंदा वेगळाच होता. आजोबांनी सुरू केलेली, जहाज चालवणाऱ्यांना दिशाशास्त्र शिकवणारी शाळा त्याचं कुटुंब चालवायचं. समुद्रात आपण नेमके कुठे आहोत हे सूर्य-ताऱ्यांवरून काढायचं, त्यासाठी त्रिकोणमितीची कोष्टकं उलगडत बसायचं, असलं ते शिक्षण. गॅरीनं स्वतःही तिथे शिकवलं. पुढे गणिताचा शिक्षक व्हायचं म्हणून तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेला, तिथे कॉम्प्युटर भेटला आणि गणित मागे पडलं.

तो व्हिएतनाम युद्धाचा काळ होता आणि अमेरिकेत तरुणांना सक्तीनं लष्करात घ्यायचे. गॅरीच्या वाट्याला नौदल आलं, पण जहाजाऐवजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथल्या नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये शिकवायचं काम मिळालं. मध्ये परत जाऊन १९७२ मध्ये त्यानं पीएचडी पूर्ण केली. त्याचा विषय होता कंपायलर. लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवताना त्यातलं अनावश्यक काम कसं ओळखायचं आणि कापायचं, याची एक गणिती पद्धत त्यानं मांडली. १९७३ मध्ये यावर त्याचा पेपर आला. कंपायलर कोर्सला डेटाफ्लो अॅनालिसिस नावाचा धडा असतो, तो बराचसा याच पेपरवर उभा आहे. म्हणजे सीपी/एम लिहिलं नसतं तरी हा माणूस पुस्तकात राहिला असताच.

त्याच सुमारास इंटेलनं ४००४ नावाची चिप काढली होती. सगळा प्रोसेसर एका चिपवर, किंमत २५ डॉलर अशी जाहिरात. गॅरीनं ती मिळवली आणि पहिला प्रयत्न केला तो त्रिकोणमितीचे हिशेब करून बघायचा, घरच्या शाळेच्या उपयोगी पडेल म्हणून. चिप फारच लहान होती, पण तो इंटेलच्या लोकांना भेटायला लागला, आठवड्यातला एक दिवस तिथे सल्लागार म्हणून काम करायला लागला आणि १९७३ मध्ये त्यानं इंटेलच्या ८००८ या पुढच्या चिपसाठी पीएल/एम नावाची प्रोग्रामिंग भाषा बनवली. त्याआधी या चिपसाठी लिहायचं तर एकेक मशीन सूचना हातानं लिहावी लागायची.

एक जुना फ्लॉपी ड्राइव्ह

आता अडचण कुठे आली ते बघा. पीएल/एमचा कंपायलर चालायचा मोठ्या कॉम्प्युटरवर. गॅरीला तो इंटेलच्या छोट्या मशीनवरच चालवायचा होता, पण त्या मशीनला माहिती साठवायला जागाच नव्हती. होती ती कागदी पट्टी. टेलिटाइप नावाचं टाइपरायटरसारखं यंत्र त्या पट्टीला भोकं पाडायचं आणि तीच पट्टी परत वाचायचं, सेकंदाला साधारण १० अक्षरं या वेगानं. आज एक साधा फोटो त्या वेगानं उतरवायचा म्हटला तर काही दिवस लागतील.

फ्लॉपी डिस्क तेव्हा नुकती आली होती, आठ इंची, जेवणाच्या ताटलीएवढी. शुगार्ट कंपनीकडून गॅरीला चाचणीत वापरून झालेला एक जुना ड्राइव्ह मिळाला. ड्राइव्ह मिळाला, पण तो कॉम्प्युटरला जोडायचा कंट्रोलर नाही. हार्डवेअर हा गॅरीचा प्रांत नव्हे. त्यानं प्रयत्न केले, जमलं नाही आणि ड्राइव्ह बराच काळ नुसता पडून राहिला. शेवटी युनिव्हर्सिटीतला मित्र जॉन टोरोड मदतीला आला आणि त्यानं कंट्रोलर बनवून दिला. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या मॉन्टेरेशेजारच्या छोट्या गावात ते जोडकाम चालू झालं आणि डिस्कवरच्या फायली सांभाळण्यासाठी गॅरीनं लिहिलेलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू झालं. तेच सीपी/एम.

त्यानं ते इंटेलला दाखवलं. इंटेलला पीएल/एम हवं होतं, सीपी/एममध्ये त्यांना रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च. पुढे आकाशगंगा गळून नुसतं डिजिटल रिसर्च राहिलं. धंद्याची बाजू डोरोथीनं सांभाळली आणि ती नीट सांभाळली, हे लोक लिहायला विसरतात. सीपी/एमची प्रत टपालानं मागवायची किंमत होती ७० डॉलर.

कंटाळ्यातून आखलेली रेघ

सुरुवातीचं सीपी/एम एका विशिष्ट मशीनसाठी, एका विशिष्ट कंट्रोलरसाठी लिहिलेलं होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्याचं हार्डवेअर वेगळं. की-बोर्ड वेगळ्या ठिकाणी जोडलेला, डिस्क वेगळ्या पद्धतीनं वाचायची. मग गॅरी पूर्ण सिस्टीममध्ये जागोजागी बदल करून द्यायचा. एकदा केलं, दोनदा केलं. १९७६ च्या सुमारास इमसाय नावाची कंपनी आली. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरसोबत फ्लॉपी ड्राइव्ह विकले होते, पण ते चालवायला सॉफ्टवेअरच नव्हतं. तिथे काम करणारा ग्लेन इविंग गॅरीकडे आला. पुन्हा सगळी सिस्टीम नव्यानं जुळवायची या कल्पनेनंच गॅरी वैतागला.

म्हणून त्यानं सिस्टीमचे सरळ तुकडे केले. हार्डवेअरला प्रत्यक्ष हात लावणारा जेवढा कोड होता तेवढा बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटलं, म्हणजे बेसिक इनपुट आउटपुट सिस्टीम. की-बोर्डवरून एक अक्षर घे, स्क्रीनवर एक अक्षर दाखव, डिस्कचा ट्रॅक निवड, सेक्टर वाच, सेक्टर लिही. असली अगदी प्राथमिक कामं. १.४ व्हर्जनमध्ये अशी १५ कामं होती, २.२ मध्ये १७. बस, एवढंच. फाइल म्हणजे काय, तिचं नाव काय, ती डिस्कवर कुठे ठेवायची हे सगळं वरच्या थरात गेलं. त्या थराला बीडॉस म्हणायचे आणि तो सगळ्या मशीनवर सारखाच. त्याच्याही वर कमांड घेणारा तिसरा तुकडा.

याचा अर्थ काय झाला? कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीनं फक्त ती १५-१७ छोटी कामं आपल्या हार्डवेअरसाठी लिहायची. गॅरीकडून बाकीचं तयार घ्यायचं. ती लिहिण्यासाठी गॅरीला विचारायचीही गरज नाही, मॅन्युअल वाचलं की झालं. इमसायनं १९७७ मध्ये परवान्याचे २५,००० डॉलर एकरकमी दिले आणि पुढे हव्या तेवढ्या मशीनवर सीपी/एम दिलं. डोरोथी आणि गॅरीला तेव्हा तो सौदा मोठा वाटला. नंतर पश्चात्ताप झाला असणार असं लोक लिहितात, पण त्या वेळी घरातून चालणाऱ्या कंपनीला ती रक्कम लहान नव्हती.

तुमच्यातले जे अँड्रॉइड नीट फॉलो करतात त्यांना हे ओळखीचं वाटेल. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत गुगलनं प्रोजेक्ट ट्रेबल आणलं. त्याआधी नवीन अँड्रॉइड आलं की फोन कंपनीला चिपसाठी लिहिलेला खालचा कोड पुन्हा जुळवावा लागायचा आणि म्हणून कित्येक फोनना अपडेट मिळायचंच नाही. ट्रेबलनं हार्डवेअरचा कोड आणि अँड्रॉइड यांच्यामध्ये ठरलेली सीमा घातली. गॅरीला जी डोकेदुखी १९७६ मध्ये झाली, तीच खूप मोठ्या प्रमाणावर ४० वर्षांनी फोनला झाली आणि औषधही त्याच जातीचं निघालं.

मी उत्सुकतेपोटी एम्युलेटरवर सीपी/एम २.२ चालवून बघितलंय. सगळी सिस्टीम इतकी लहान की एखाद्या व्हॉट्सअॅप स्टिकरएवढीही भरणार नाही. स्क्रीनवर ए, पुढे तिरकी खूण, बस. डीआयआर टाइप केलं की फायली दिसतात. ड्राइव्हला ए, बी अशी अक्षरं आणि फाइलचं नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब, मग तीन अक्षरं. विंडोजमध्ये आजही पहिली डिस्क सी का असते हे विचारणाऱ्यांसाठी उत्तर इथे आहे. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली असायची.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बारा नंबरचा कॉल. प्रोग्राम बीडॉसला काम सांगताना कामाचा नंबर द्यायचा. नंबर १२ चं काम एकच होतं: माझं व्हर्जन काय ते सांगणं. २.२ वर विचारलं की २२ असं उत्तर येतं, जुन्या १.४ वर विचारलं की शून्य. म्हणजे प्रोग्राम सुरुवातीलाच विचारून घ्यायचा की बाबा, तू नवीन आहेस की जुना? नवीन असशील तर नवीन सोय वापरतो, जुना असशील तर जुन्या पद्धतीनं करतो. आज लिनक्सवर एखादं पॅकेज टाकताना अमुक लायब्ररीचं अमुक व्हर्जन किंवा त्यापुढचं हवं अशी अट असते. तो हिशेब आता इन्स्टॉल करणारा प्रोग्राम आधीच करतो. तेव्हा ते प्रत्येक प्रोग्रामनं चालता चालता स्वतः करायचं.

अपडेट करायची रीत मात्र आजच्या मानानं फार खडतर. नवीन व्हर्जनची फ्लॉपी टपालानं यायची. सिस्टीम डिस्कच्या सुरुवातीच्या राखीव ट्रॅकवर असायची, साध्या कॉपीनं ती हलायची नाही. तुमच्या मशीनच्या मेमरीप्रमाणे सिस्टीम सरकवायला एक प्रोग्राम, मग तुमचा बायोस त्यात बसवायचा, मग राखीव ट्रॅकवर लिहायला दुसरा प्रोग्राम. चुकलं तर ती फ्लॉपी चालूच व्हायची नाही, म्हणून जुनी बाजूला ठेवून नव्या फ्लॉपीवर करायचं. रोलबॅक म्हणजे काय, तर जुनी फ्लॉपी परत घालायची. साधा उपाय, पण पक्का.

१९७९ च्या दुसऱ्या व्हर्जनमध्ये गॅरीनं ही रेघ आणखी नीट केली. आधी डिस्कचा आकार बीडॉसमध्येच पक्का लिहिलेला होता. आता डिस्क केवढी, तिचे तुकडे किती, हे सांगणारा तक्ता बायोसमध्ये ठेवायचा आणि बीडॉस तो वाचणार. त्यामुळे हार्ड डिस्क आली तरी वरचा थर बदलावा लागला नाही.

रेघ सगळीकडे नव्हती, हेही सांगायला हवं. स्क्रीन पुसायची कशी, कर्सर हलवायचा कसा, हे गॅरीनं बायोसमध्ये घेतलं नाही. प्रत्येक टर्मिनलचे संकेत वेगळे. म्हणून वर्डस्टारसारख्या प्रोग्रामला स्वतःचा इन्स्टॉल प्रोग्राम ठेवावा लागला, त्यात तुम्ही यादीतून आपलं टर्मिनल आणि प्रिंटर निवडायचा. आणि सव्वापाच इंची फ्लॉपीवर प्रत्येक कंपनीनं आपली मांडणी वापरली, त्यामुळे एका मशीनची फ्लॉपी दुसऱ्यात गेली तरी वाचता येईलच असं नव्हतं. प्रोग्राम तोच, चालणारही होता, पण डिस्कवरून आत कसा घ्यायचा हीच पंचाईत.

तरी सीपी/एम पसरलं. वर्डस्टार, डीबेस टू असे प्रोग्राम एकदा लिहिले की शेकडो निरनिराळ्या मॉडेल्सवर चालायचे. ऑसबोर्न, केप्रो ही सूटकेससारखी उचलून न्यायची मशीन्स सीपी/एमवरच होती. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टनंही १९८० मध्ये अॅपल टूसाठी एक कार्ड विकलं आणि त्यासोबत सीपी/एम दिलं, गॅरीकडून परवाना घेऊन.

आयबीएमचा दिवस

१९८० मध्ये आयबीएमला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर घाईनं बाजारात आणायचा होता. ते आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले, तिथून त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमसाठी पॅसिफिक ग्रोव्हला पाठवलं गेलं.

त्या दिवशी गॅरी खरंच विमानात होता. पण मजा करायला नाही. तो स्वतःचं विमान चालवत बिल गॉडबाउट या गिऱ्हाइकाकडे कामासाठी गेला होता. व्यवहाराची बोलणी डोरोथीच करायची, ती आणि वकील हजर होते. आयबीएमनं आधी गुप्ततेचा करार पुढे ठेवला, जो बराचसा एकतर्फी होता, आणि त्यावर सही करायची की नाही यातच वेळ गेला. गॅरी दुपारी परत आला. पुढे काय बोलणं झालं यावर दोन्ही बाजूंच्या माणसांची आठवण जुळत नाही. पैशांवर अडलं एवढं साधारण सगळे मान्य करतात. आयबीएमला एकरकमी सौदा हवा होता, डिजिटल रिसर्च प्रत्येक प्रतीमागे रॉयल्टी घ्यायची. शिवाय आयबीएमच्या नव्या मशीनची चिप होती ८०८८, ८०८६ च्या घराण्यातली, आणि तिच्यासाठीचं सीपी/एम अजून तयार नव्हतं.

आणि इथे ती रेघ उलटी फिरली.

सिअॅटलमध्येच एका छोट्या हार्डवेअर कंपनीला तेच सीपी/एम हवं होतं आणि तेही उशिरामुळे अडले होते. त्यांच्या टिम पॅटरसन या इंजिनियरनं वाट न बघता स्वतःच सिस्टीम लिहिली, पुढे तिचं नाव ८६-डॉस पडलं. त्यानं सीपी/एमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली कॉल्सची यादी समोर ठेवली. कामांचे नंबर बरेचसे तेच, फाइलची माहिती ठेवायचा साचा तोच, प्रोग्राम मेमरीत चालू व्हायची जागाही तीच. हेतू हा की जुन्या चिपसाठी लिहिलेले सीपी/एमचे प्रोग्राम यंत्रवत भाषांतर करून नव्या चिपवर आणता यावेत. आतलं काम त्यानं आपल्या पद्धतीनं केलं, डिस्कवरच्या फायलींची मांडणी तर वेगळीच घेतली. पण वरून बघणाऱ्या प्रोग्रामला दोन्ही जवळजवळ सारखे.

हे शक्य झालं ते गॅरीनं सगळं स्वच्छ वेगळं केल्यामुळेच. प्रोग्राम आतल्या कोडवर अवलंबून नव्हते, यादीवर अवलंबून होते. यादी छापील होती, कुणीही वाचावी अशी. मशीन बदललं तरी प्रोग्राम चालावा म्हणून त्यानं खालची रेघ आखली होती. वरची रेघ तितकीच स्वच्छ निघाली आणि मधला त्याचाच थर काढून दुसरा बसवता आला.

मायक्रोसॉफ्टनं ८६-डॉसचा आधी परवाना घेतला, मग ती विकत घेतली आणि आयबीएमला पीसी-डॉस म्हणून दिली. गॅरीनं ती बघितली तेव्हा त्याला ती आपल्या कामाची नक्कल वाटली. पण सॉफ्टवेअरवरचा कॉपीराइट अमेरिकेत तेव्हा अगदी नवा होता, यादीसारखी असणं म्हणजे चोरी का हे कुठल्या कोर्टानं ठरवलेलं नव्हतं. खटल्याऐवजी तडजोड झाली की आयबीएम आपल्या पीसीवर सीपी/एमसुद्धा विकेल. पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये जाहीर झाला. दुकानात किंमती लागल्या: पीसी-डॉस ४० डॉलर, सीपी/एम-८६ २४० डॉलर, आणि तेही काही महिने उशिरा. गिऱ्हाइकानं काय घेतलं असेल हे सांगायला नको.

ही चोरी होती का? मी रोज दुसऱ्यांच्या लायब्ररींचे एपीआय वापरून पोट भरतो, आणि एखाद्या लायब्ररीच्या जागी तसेच कॉल्स असलेली दुसरी बसवता आली तर आनंदच मानतो. त्यामुळे मला पॅटरसनला चोर म्हणता येत नाही. पण नक्कल आणि सुसंगतता यांतला फरक ज्याचं काम गेलं त्याला असा थंडपणे दिसेल, ही अपेक्षाही चुकीची आहे.

नंतरची वर्षं

गॅरी बसून राहिला नाही. १९८३ पासून १९९० पर्यंत तो कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात स्टुअर्ट शिफेसोबत सहसूत्रधार होता. त्याचे भाग नेटवर आहेत, जरूर बघा. स्पर्धकांची उत्पादनं समोर आली तरी तो शांतपणे, कुतूहलानं प्रश्न विचारतो. १९८५ मध्ये त्याच्या दुसऱ्या कंपनीनं एक आख्खा विश्वकोश सीडी-रॉमवर आणला, तसा तो पहिलाच.

डिजिटल रिसर्चनं मात्र १९८८ मध्ये हिशेब उलटा केला. डीआर-डॉस काढलं, म्हणजे एमएस-डॉसचे सगळे कॉल्स देणारं, पण स्वतःचं. ज्या पद्धतीनं त्यांची जागा गेली होती तीच वापरून. ते चांगलं निघालं, १९९० चं ५.० व्हर्जन तर बऱ्याच जणांना एमएस-डॉसपेक्षा उजवं वाटलं. मग १९९१ च्या अखेरीस विंडोज ३.१ च्या चाचणी प्रतीत एक लपवलेला, मुद्दाम गुंतागुंतीचा केलेला तपास निघाला. खाली एमएस-डॉस नसेल तर तो एक गूढ एरर दाखवायचा. विंडोज खरं म्हणजे चालू शकत होतं. अंतिम प्रतीत तो तपास बंद करून ठेवला होता, पण कोड आत तसाच राहिला. बारा नंबरचा कॉल विचारायचा की तू काय करू शकतोस. हा कोड विचारत होता की तू कुणाचा आहेस.

त्याच वर्षी डिजिटल रिसर्च नॉवेल या कंपनीला विकली गेली. १९९६ मध्ये डीआर-डॉस कॅल्डेरा कंपनीकडे गेलं, त्यांनी मायक्रोसॉफ्टवर खटला भरला आणि जानेवारी २००० मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला. गॅरी हे बघायला नव्हता.

१९९२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या कॉम्प्युटर सायन्स विभागाला २५ वर्षं झाली. गॅरीला विशेष माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं, मुख्य भाषण मात्र बिल गेट्सचं ठेवलं. त्याला ते लागलं. त्यानंतर तो आपली बाजू लिहायला बसला आणि तयार झालेलं हस्तलिखित त्यानं १९९३ मध्ये काही जवळच्या माणसांना दिलं. विमानाची गोष्ट तोपर्यंत इतकी पसरली होती की कुठेही गेला तरी आधी तीच निघायची. शेवटची वर्षं त्याची चांगली गेली नाहीत, दारूचा त्रास होता. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरेतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांनी, ११ जुलैला, तो वारला. वय ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हमध्ये लाइटहाउस अॅव्हेन्यूवरच्या ८०१ नंबरच्या घराबाहेर, जिथे कंपनीचं ऑफिस होतं तिथे, आयईईईनं फलक बसवला. त्याच वर्षी कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियमनं सीपी/एमच्या सुरुवातीच्या व्हर्जन्सचा सोर्स कोड खुला केला. २०१६ मध्ये त्याच्या मुलांच्या परवानगीनं आत्मचरित्राचा पहिला भाग म्युझियमनं मोफत वाचायला ठेवला. त्यात सीपी/एम कसं लिहिलं ते त्याच्याच शब्दांत आहे, शेवटच्या वर्षांचा भाग मुलांनी बाहेर काढलेला नाही. सोर्स कोड उघडलात तर आधी बायोसची फाइल बघा. सुरुवातीलाच एकाखाली एक उड्यांची यादी आहे, चालू करण्यापासून सेक्टर लिहिण्यापर्यंत. असेंब्ली येत नसली तरी नावांवरून कळते.